बो जॅक्सन : फुटबॉलमुळे बेसबॉलचा एक मोठा आउटफिल्डर हातचा गेला का?

केदार७४ (धागाकर्ता)

बो जॅक्सन या अमेरिकन खेळाडूच्या कारकिर्दीविषयी एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे. येथे बेसबॉल जाणणारी आणि अमेरिकेत राहणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून तो सविस्तर मांडतो. धाग्यात फुटबॉल म्हटले की अमेरिकन फुटबॉल समजावा, म्हणजे शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात धरून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत किंवा आडवे करत धावण्याचा खेळ.

व्हिन्सेंट एडवर्ड जॅक्सन याचा जन्म ३० नोव्हेंबर १९६२ रोजी अलाबामा राज्यातील बेसेमर या गावी झाला. दहा भावंडांतला तो आठवा. लहानपणी तो इतका आडदांड होता की रानडुकरावरून (इंग्रजीत 'बोअर') त्याला 'बो' हे नाव पडले आणि तेच जगभर झाले. १९८२ मध्ये शाळा संपतानाच न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला निवडले होते, परंतु ती बाजूला ठेवून तो ऑबर्न विद्यापीठात गेला. तेथे चार मोसमांत चेंडू घेऊन तो ४,३०३ यार्ड धावला आणि १९८५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान समजला जाणारा हाइसमन करंडक त्याने मिळवला. १९८६ मध्ये टँपा बे बकनिअर्स संघाने त्याला व्यावसायिक फुटबॉलसाठी पहिल्या क्रमांकावर निवडले, तरीही त्याने नकार दिला आणि कॅन्सस सिटी रॉयल्सकडे बेसबॉल खेळायला तो निघून गेला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस रेडर्सने त्याला सातव्या फेरीत निवडले आणि बेसबॉलचा मोसम संपल्यावर येण्याची मुभा दिली. तेव्हापासून १९९० च्या मोसमापर्यंत तो रॉयल्ससाठी आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागातला क्षेत्ररक्षक) आणि रेडर्ससाठी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) अशा दोन्ही भूमिकांत खेळला. १९८९ मध्ये बेसबॉलमधल्या निवडक उत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी आणि १९९० च्या मोसमात फुटबॉलच्या तशाच प्रो बोलसाठी त्याची निवड झाली. दोन्ही खेळांत हा मान मिळवणारा तो एकमेव खेळाडू आहे.

१३ जानेवारी १९९१ रोजी सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धच्या सामन्यात एका साध्या पकडीत त्याच्या डाव्या खुब्याला इजा झाली आणि फुटबॉल कायमचा संपला. बेसबॉल तो १९९४ पर्यंत खेळला, पण पूर्वीचा बो पुन्हा दिसला नाही. त्याची बेसबॉलमधली एकूण कमाई ६९४ सामने, १४१ होम रन (एकाच फटक्यावर मैदानातले चारही थांबे, म्हणजे बेस, फिरून काढलेली धाव, बहुधा चेंडू कुंपणापार धाडून) आणि .२५० सरासरी (दर चार संधींत एक यशस्वी फटका) एवढीच राहिली.

माझे स्पष्ट मत असे आहे की १९८७ मध्ये त्याने रेडर्सचा करार स्वीकारला नसता, तर आज त्याचे नाव विली मेजसारख्या बेसबॉलमधल्या थोर आउटफिल्डरांच्या शेजारी घेतले गेले असते. एवढी ताकद, एवढा वेग आणि फेकीचा असा हात एकाच देहात फार क्वचित येतो, आणि तो देह वर्षातले तीन महिने मोडून घेण्यासाठी दिला गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्याला काय वाटते?

विनायक_न्यूजर्सी

केदारराव, धागा उत्तम आहे, पण आपल्या निष्कर्षाशी मी असहमत आहे. बोची ताकद आणि वेग निर्विवाद आहेत, परंतु बेसबॉलमध्ये मोठेपण ठरते ते मुख्यतः चेंडू ओळखण्यावर, आणि तेथे तो कच्चा होता. त्याच्या कारकिर्दीत २,३९३ अधिकृत फलंदाजीच्या संधींमध्ये ८४१ स्ट्राइकआउट आहेत, म्हणजे दर तीन वेळांमागे एकदाहून अधिक तो चेंडू मैदानात न मारताच बाद होऊन परत गेला. १९८९ हे त्याचे सर्वांत गाजलेले वर्ष मानले जाते, त्या वर्षी ३२ होम रन आणि १०५ आरबीआय (आपल्या फटक्यांवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) झाले. पण त्याच वर्षी १७२ स्ट्राइकआउटसह तो मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतल्या दोन लीगांपैकी अमेरिकन लीगमध्ये या बाबतीतही पहिला होता.

दुसरे असे की, टँपाला त्याने दिलेला नकार हा केवळ बेसबॉलच्या प्रेमापोटी नव्हता. १९८६ च्या वसंतात टँपाच्या मालकांच्या खासगी विमानातून तो वैद्यकीय तपासणीसाठी गेला. हे महाविद्यालयीन खेळांच्या नियमात बसते असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे त्याचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात ते बसत नव्हते, आणि ऑबर्नसाठी बेसबॉल खेळण्याचा त्याचा शेवटचा मोसम अर्ध्यावर बंद पडला. आदल्या वर्षी त्याची तेथील सरासरी .४०१ होती, हे लक्षात घेतले की त्याचा संताप समजतो. आपल्याला मुद्दाम फसवले गेले अशी त्याची खात्री झाली आणि कितीही पैसे दिले तरी या संघाकडे जाणार नाही असे त्याने ठरवले. बेसबॉलमध्ये मिळणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट रक्कम टँपा देत होते, ती त्याने सोडली. मला तर त्याच्या साऱ्या कारकिर्दीत हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

पल्लवी_सिएटल

मी ज्या शहरात राहते तेथील लोकांना बो जॅक्सन विसरता येत नाही, कारण त्याचे दोन सर्वांत प्रसिद्ध पराक्रम एकाच छताखाली, आमच्या सिएटलच्या किंगडोममध्ये घडले. किंगडोम २००० साली पाडण्यात आले, त्यामुळे मी स्वतः ते पाहिलेले नाही. परंतु कार्यालयातील जुने सिएटलकर अजूनही ही दोन नावे काढतात : बॉझवर्थ आणि रेनॉल्ड्स.

पहिला प्रसंग ३० नोव्हेंबर १९८७ चा, म्हणजे बोच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा. सोमवारी रात्रीचा फुटबॉल सामना संपूर्ण देशात दाखवला जात होता. सिएटल सीहॉक्सकडे ब्रायन बॉझवर्थ नावाचा, स्वतःविषयी मोठमोठे बोलणारा लाइनबॅकर (बचावपटू) होता. बोने एकदा डावीकडून मुसंडी मारली ती थेट ९१ यार्डांवर जाऊन थांबली. खरे तर थांबलीच नाही, कारण तो मैदानाची सीमा ओलांडून खेळाडूंच्या बोगद्यात शिरला. नंतर गोलरेषेजवळ बॉझवर्थ त्याच्या समोर सरळ उभा असताना बो त्याला अंगावर घेऊनच आत गेला. त्या रात्री तो एकूण २२१ यार्ड धावला.

दुसरा प्रसंग ५ जून १९८९ चा आणि तो मला अधिक विलक्षण वाटतो. सिएटलचा बेसबॉल संघ मॅरिनर्स आणि रॉयल्स यांची बरोबरी होती आणि नेहमीच्या नऊ इनिंग (डाव) संपून दहावी चालू होती. पहिल्या बेसवर मॅरिनर्सचा हॅरॉल्ड रेनॉल्ड्स होता. तो संघातला वेगवान धावक होता आणि चेंडू टाकला जातानाच पळू लागला होता. स्कॉट ब्रॅडलीचा फटका डाव्या बाजूच्या भिंतीपर्यंत गेला. अशा वेळी आउटफिल्डर चेंडू मधल्या खेळाडूकडे देतो आणि तो पुढे फेकतो, आणि तोपर्यंत धावक होम प्लेट, म्हणजे धाव पूर्ण होते तो शेवटचा बेस, ओलांडून हातसुद्धा झटकून मोकळा होतो. बोने भिंतीजवळ चेंडू उचलला, वळला, आणि पावले न टाकता, जागच्या जागी उभा राहून त्याने तो थेट होम प्लेटकडे फेकला. वाटेत टप्पा नाही, मध्ये कुणाचा हात नाही. होम प्लेटजवळचा रॉयल्सचा कॅचर (चेंडू झेलणारा) बॉब बून याच्या हातमोज्यात चेंडू आला तेव्हा रेनॉल्ड्स घसरत येत होता आणि तो बाद झाला. चित्रफितीत रेनॉल्ड्सचा चेहरा अवश्य पाहावा. आपण बाद झालो यापेक्षा चेंडू आला कोठून, हेच त्याला उमगलेले दिसत नाही.

एकाच मैदानावर, एकाच माणसाने, दोन वेगवेगळ्या खेळांत लोकांना असे अवाक करावे, याला मी हातचे गेले असे म्हणू शकत नाही.

सांजवारा

पल्लवीताई, हे वाचून आत्ताच दोन्ही चित्रफिती पाहिल्या. ती फेक मी सलग अनेकदा पाहिली. मला बेसबॉलचे नियम नीट माहीत नाहीत, तरीही त्यात काहीतरी अशक्य घडले आहे हे कळते. मला एक विचारायचे आहे : दोन्ही खेळांचे वेळापत्रक एकमेकांवर येत नव्हते का?

विनायक_न्यूजर्सी

सांजवारा, येत होते. त्या काळी बेसबॉलचा मोसम एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत १६२ सामन्यांचा असे, आणि फुटबॉल सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरअखेर चाले, पुढे जानेवारीत बाद फेरी. बो बेसबॉल संपवून मग रेडर्सकडे जात असे, त्यामुळे दरवर्षी फुटबॉलचे पहिले काही आठवडे त्याच्याविना जात. चार मोसमांत मिळून तो ३८ फुटबॉल सामने खेळला, आणि त्यांत त्याने ५१५ वेळा चेंडू हाती घेऊन २,७८२ यार्ड काढले. म्हणजे दर वेळी सरासरी ५.४ यार्ड. या खेळात चार यार्डही चांगले समजले जातात.

१९८७ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की बेसबॉलनंतर जे काही आपण करू तो छंद असेल, जसे शिकार आणि मासेमारी. रॉयल्समधल्या काही सहकाऱ्यांना ते अजिबात रुचले नाही आणि कॅन्सस सिटीतल्या प्रेक्षकांनी मैदानात प्लास्टिकचे छोटे फुटबॉल फेकले. फुटबॉलमध्ये आयुष्य घालवणाऱ्या खेळाडूंनाही आपला व्यवसाय कुणाचा तरी छंद आहे हे ऐकून काय वाटले असेल, याचा विचार करावा.

मात्र या वेळापत्रकाची खरी किंमत बेसबॉलमध्ये मोजली गेली, आणि येथे मी केदाररावांच्या थोडे जवळ येतो. बहुतेक फलंदाज दुय्यम लीगमध्ये काही वर्षे घालवतात आणि हिवाळ्यात प्रशिक्षकांबरोबर बॅट फिरवण्याची पद्धत दुरुस्त करतात. बो मेम्फिसच्या दुय्यम संघाकडून एकाच उन्हाळ्यात थोडे सामने खेळला आणि २ सप्टेंबर १९८६ रोजी थेट मेजर लीगमध्ये स्टीव्ह कार्लटनसारख्या दिग्गज पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) उभा राहिला. १९८७ पासूनचे चार हिवाळे फुटबॉलमध्ये गेले. त्याला शिकायला वेळ मिळालाच नाही.

आडवाटा

चर्चा 'दोन खेळ की एक' अशी चालली आहे, आणि मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. खरा प्रश्न आहे तो फुटबॉलमध्ये कोणत्या जागी खेळले याचा.

बोच्याच काळात आणखी दोन आउटफिल्डर फुटबॉल खेळत होते. डिऑन सँडर्स हा अटलांटा फाल्कन्ससाठी कॉर्नरबॅक होता. त्या जागेवरच्या खेळाडूचे काम प्रतिस्पर्ध्याच्या सावलीसारखे पळणे आणि चेंडू हिरावणे हे असते, आणि डिऑन तर शक्यतो धडक टाळतच असे. सप्टेंबर १९८९ मध्ये एकाच आठवड्यात त्याने यांकीजसाठी होम रन मारला आणि फाल्कन्ससाठी टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवणे) केला. १९९२ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जसाठी ९७ सामन्यांत त्याची सरासरी .३०४ होती, १४ ट्रिपलसह (एका फटक्यात तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचणे) तो दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगमध्ये पहिला होता, आणि त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, त्याने .५३३ ने फलंदाजी केली. पुढे दोन सुपर बोल, म्हणजे फुटबॉलचे अंतिम सामने, जिंकले. वर्ल्ड सिरीज आणि सुपर बोल दोन्ही खेळलेला तो एकमेव खेळाडू आहे.

दुसरा ब्रायन जॉर्डन. तोही फाल्कन्सचाच, पण सेफ्टी, म्हणजे धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन पाडणारा. तीन मोसम तो फुटबॉल खेळला, मग सेंट लुईस कार्डिनल्सने त्याच्याशी केवळ बेसबॉलचा करार केला. १९९२ पासून २००६ पर्यंत पंधरा मोसम तो मेजर लीगमध्ये होता; १८४ होम रन, .२८२ सरासरी आणि १९९९ मध्ये ऑल-स्टार निवड. केदारराव, आपण बोसाठी जे कल्पिता ते जॉर्डनने प्रत्यक्ष केले. तरीही आज धागा निघतो तो बोवर. यातून काय दिसते?

बो रनिंग बॅक होता. त्या जागेवर प्रत्येक डावपेचात दोन-तीन माणसे तुम्हाला पाडण्यासाठीच धावून येतात. त्याला डिऑनसारखी जागा मिळाली असती तर दोन्ही खेळ दहा वर्षे चालले असते, असे माझे मत आहे.

जाता जाता एक प्रसंग सांगतो. १७ जुलै १९९० रोजी यांकी स्टेडियमवर बोने लागोपाठ तीन वेळा होम रन मारले. त्याच सामन्यात डिऑन सँडर्सचा एक फटका अडवण्यासाठी त्याने झेप घेतली, चेंडू सुटला, डिऑन सगळे बेस पळून घरी पोहोचला आणि बोचा खांदा दुखावला. दोन्ही खेळांचे दोन खेळाडू एकाच चेंडूवर असे समोरासमोर आलेले मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही.

केदार७४

आडवाटा, जॉर्डनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे असे मला वाटते. फुटबॉल वेळीच सोडला तर आउटफिल्डर पंधरा वर्षे टिकतो, हेच त्याने दाखवले. बोकडे जॉर्डनपेक्षा ताकद आणि वेग दोन्ही अधिक होते. १९८९ च्या ऑल-स्टार सामन्यात, अनाहाइममध्ये, पहिल्याच इनिंगमध्ये आपल्या संघाचा पहिला फलंदाज म्हणून त्याने पिचर रिक रशेलचा चेंडू मध्यभागी ४४८ फुटांवर भिरकावला, तोही जमिनीलगत आलेला चेंडू. पुढे एक बेसही चोरला (फटका नसताना पुढच्या बेसवर पळून जाणे) आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे त्याने न शिकता केले. शिकला असता तर?

अस्थिरोग_पुणे

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे आणि खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रिया हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे दुखापतीविषयी थोडे सविस्तर लिहितो.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील खोबणीत बसते. या गोल टोकाला रक्तपुरवठा करणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या मानेवरून, सांध्याच्या आवरणाच्या आतून वर जातात. शरीरातील इतर बहुतेक हाडांना अनेक बाजूंनी रक्त मिळते, येथे मात्र पर्यायी वाट जवळजवळ नाही. सांधा क्षणभर जरी खोबणीतून सरकला, तरी या वाहिन्या ताणल्या जाऊ शकतात किंवा तुटू शकतात, आणि मग वरचे हाड हळूहळू मृत होऊ शकते. यालाच अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. दुर्दैव असे की पहिले काही आठवडे, कधी महिनेही, रुग्णाला विशेष काही कळत नाही, क्ष-किरण चित्रातही बदल दिसत नाही. हाड खचू लागते तेव्हा वेदना आणि लंगडणे सुरू होते.

बोच्या बाबतीत केव्हिन वॉकर या बचावपटूने मागून त्याचा पाय धरला, आणि बोचे शरीर पुढे जात राहिले. ती पकड मी अनेकदा पाहिली आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही दाखवतो. सामान्य माणूस अशा वेळी सरळ खाली पडतो. बोच्या मांड्यांमध्ये एवढी ताकद होती की पाय अडकलेला असतानाही तो पुढे रेटत राहिला, आणि तो जोर सगळा खुब्यावर आला. निसटलेला सांधा आपणच जागेवर बसवला, असे बोने पुढे सांगितले आहे. ज्या ताकदीचे आपण सर्व कौतुक करतो, तिनेच सांधा निखळवला, असे वैद्यकीय दृष्ट्या म्हणायला हरकत नाही.

म्हणून आडवाटा यांच्या मताला माझी दुरुस्ती आहे. रनिंग बॅक म्हणून दररोज बसणाऱ्या धडकांनी बो संपला नाही. तो एका विशिष्ट कोनातून, एका क्षणी बसलेल्या हिसक्याने संपला, आणि असा हिसका बेसबॉलमध्ये बेसवर घसरतानाही बसू शकतो, जरी त्याची शक्यता फारच कमी आहे.

आपल्याकडे हा आजार मद्यपान आणि स्टिरॉइडच्या अतिवापरामुळे अधिक दिसतो. कोविडनंतर तर तिशीतले रुग्णही येऊ लागले. अशा तरुणांना खुबारोपणाचा सल्ला देताना त्यांचा पहिला प्रश्न 'मी पुन्हा धावू शकेन का' हाच असतो.

रेवा

डॉक्टरसाहेब, आपला शेवटचा परिच्छेद वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. माझ्या धाकट्या भावाचे याच आजारामुळे ऐन तरुण वयात खुबारोपण झाले. शस्त्रक्रियेनंतर तो महिनोन्महिने कुणाशी बोलत नसे. बोच्या पुनरागमनाविषयी त्यानेच मला प्रथम सांगितले होते, आणि तेही भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात.

रॉयल्सने मार्च १९९१ मध्ये बोला सोडून दिले. शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला घेतले, परंतु त्या मोसमात तो २३ सामनेच खेळू शकला आणि १९९२ मध्ये कृत्रिम सांधा बसवावा लागला. त्याच काळात त्याची आई वारली. पुन्हा खेळून पहिल्याच संधीत तिच्यासाठी होम रन मारीन, असे वचन त्याने तिला दिले होते. ९ एप्रिल १९९३ रोजी शिकागोत, यांकीजविरुद्ध, बदली फलंदाज म्हणून तो आला आणि त्याने होम रन मारला. कृत्रिम खुबा घेऊन मेजर लीगमध्ये खेळलेला तो पहिला माणूस.

केदारदादा, माझ्या भावाला फेक दाखवली नाही, ऑल-स्टार सामना दाखवला नाही. त्याच्यासाठी बो म्हणजे हाच एक फटका आहे आणि त्यानंतर बेसवरून जपून, थोडे आखडत धावणारा माणूस. फुटबॉल खेळला नसता तर बो अधिक मोठा झाला असता, हे खरे असेल. पण माझ्या घरात तो जेवढा मोठा आहे तेवढा झाला नसता.

सांजवारा

रेवाताई, आपल्या भावाला आमच्या सर्वांच्या शुभेच्छा सांगाव्यात.

विनायक_न्यूजर्सी

रेवाताईंच्या प्रतिसादाला जोड म्हणून काही आकडे देतो, कारण दुखापतीने नेमके काय हिरावले हे त्यांत स्वच्छ दिसते. बोने कारकिर्दीत एकूण ८२ बेस चोरले, आणि त्यांतले ८१ दुखापतीपूर्वीचे आहेत. पाय गेले म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही. उलट १४१ होम रनपैकी ३२ दुखापतीनंतरचे, आणि त्यांतले २९ कृत्रिम खुब्यावर उभे राहून मारलेले आहेत. फटक्याचा जोर कमरेतून येतो असे प्रत्येक प्रशिक्षक शिकवतो. ती कमर धातूची झाल्यावरही चेंडू कुंपणापार जात राहिला. १९९४ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्ससाठी त्याची सरासरी .२७९ होती, कारकिर्दीतली सर्वोत्तम. ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, मोसम तेथेच थांबला, आणि बो परतला नाही.

माळव्यातला

हा विषय अमेरिकेचा असला तरी एक उदाहरण नोंदवावेसे वाटते, कारण त्याचा आमच्या इंदूरशी आणि मुंबईशी संबंध आहे. डेनिस कॉम्प्टन हा इंग्लंडचा थोर फलंदाज आर्सेनलचा डावा विंगरही होता. तो खेळत असे तो अर्थातच पायाने खेळायचा फुटबॉल. महायुद्धात लष्करी नोकरीनिमित्त तो महूला होता, आणि त्यामुळे होळकर संघाकडून रणजी करंडक खेळला. मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. होळकर हरले, पण आमच्या घरातली वडीलधारी मंडळी त्या डावाविषयी आदराने बोलत असत. फुटबॉलमध्ये चार्लटनच्या गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत त्याचा गुडघा दुखावला होता. तोच गुडघा पुढे क्रिकेटमध्ये त्याला छळत राहिला, आणि १९५५ मध्ये गुडघ्याची वाटी काढावी लागली. केदाररावांची हळहळ मला कॉम्प्टनमुळे पटते. मात्र कॉम्प्टनने १९४७ च्या उन्हाळ्यात ३,८१६ धावा काढल्या त्या गुडघा दुखत असतानाच, हेही विसरता येत नाही.

नदीकाठ

आता असा खेळाडू का होत नाही, याचाही विचार येथे व्हावा. पूर्वी जिम थॉर्प न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाचा आउटफिल्डर होता आणि कँटन बुलडॉग्जसाठी फुटबॉल खेळत होता, पण त्या काळी फुटबॉलमध्ये पैसा नव्हता आणि खेळाडू पोटासाठी दोन्हीकडे खेळत. आज उलट आहे. २०१८ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने काइलर मरी या आउटफिल्डरला नवव्या क्रमांकावर निवडले, त्याच वर्षी त्याने हाइसमन करंडक मिळवला, आणि २०१९ मध्ये अ‍ॅरिझोना कार्डिनल्सने त्याला फुटबॉलसाठी पहिल्या क्रमांकावर घेतले. बेसबॉलच्या कराराची बहुतेक रक्कम परत करून तो क्वार्टरबॅक (फुटबॉल संघाचे आक्रमण चालवणारा) झाला. दोन्ही खेळण्याची मुभा आज कोणताही मालक देणार नाही, कारण एका खेळाडूत गुंतवलेला पैसाच तेवढा आहे. रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांनी १९८७ मध्ये बोला जी सवलत दिली, ती त्या काळातही अपवादच होती.

पल्लवी_सिएटल

मूळ प्रश्नावर स्वतः बो काय म्हणतो, तेही येथे यावे. २०१७ च्या सुरुवातीला एका मुलाखतीत त्याने सांगितले की डोक्याला बसणाऱ्या मारांचे परिणाम तेव्हा माहीत असते, तर आपण फुटबॉल कधीच खेळलो नसतो. आपल्या मुलांनाही आज खेळू देणार नाही, असेही तो म्हणाला. खुब्याविषयी तक्रार त्याने त्यात केली नाही. आईला दिलेले आणखी एक वचन त्याने पाळले, ते म्हणजे ऑबर्नला परत जाऊन १९९५ मध्ये पदवी पूर्ण केली.

आडवाटा

पल्लवीताई, ते विधान मीही वाचले आहे, परंतु ते आरोग्याविषयी आहे. बेसबॉलमध्ये आपण अधिक काही करू शकलो असतो, असे त्यात नाही. केदाररावांचा प्रश्न खेळाविषयी आहे आणि तेथे त्यांना अजून पुरावा द्यावा लागेल.

केदार७४

आडवाटा, मागणी रास्त आहे. माझा पुरावा म्हणजे १९९० चा बेसबॉल मोसम. खांद्याच्या दुखापतीमुळे त्या वर्षी तो १११ सामनेच खेळला, तरीही २८ होम रन आणि .२७२ सरासरी, म्हणजे रॉयल्समधली त्याची सर्वोत्तम सरासरी. मागच्या वर्षी ३२ होम रनसाठी त्याला १३५ सामने लागले होते. आपण वर सांगितलेल्या यांकी स्टेडियमवरच्या तीन होम रननंतर तो सुमारे सहा आठवडे बाहेर होता. २६ ऑगस्टला परतला तेव्हा समोर रँडी जॉन्सन होता, त्या काळातला सर्वांत भीतिदायक डावखुरा पिचर. पहिल्याच संधीत बोने त्याला होम रन मारला आणि लागोपाठ चार संधींत चार होम रन अशी नोंद झाली. सत्तावीस वर्षांचा, दरवर्षी थोडा थोडा सुधारत चाललेला हा फलंदाज होता. पाच महिन्यांनी लॉस एंजेलिस कोलिझियममध्ये तो चेंडू घेऊन उजव्या कडेने ३४ यार्ड पळाला आणि वॉकरने पाय धरला. हे मी रेवाताईंच्या भावाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहीत आहे, पण तो सामना खेळायला बो तेथे नसावा, असेच मला आजही वाटते.

विनायक_न्यूजर्सी

त्याच १११ सामन्यांत १२८ स्ट्राइकआउट आहेत, त्यामुळे विली मेजशी तुलना मला अजूनही मान्य नाही. परंतु १९९० मध्ये तो चढणीवर होता, एवढे मी मान्य करतो, आणि १९९१ ते १९९३ ही तीन वर्षे निरोगी खुब्याने खेळलेली पाहायला मिळायला हवी होती, याबाबत आपल्या दोघांत मतभेद नाही.